मोलॅसिस गवत: बेटांवरच्या रानातले सुगंधी सरपण

प्रश्न थोडक्यात असा आहे: हवाई बेटाच्या कोरड्या बाजूला ओहिआ या देशी झाडाच्या विरळ रानाचा साधारण एक हेक्टरचा तुकडा. दोन वर्षांपूर्वी कुंपण घालून बकऱ्या आणि डुकरे बाहेर काढली. आता आत कंबरभर उंचीचे, हाताला चिकटणारे, गोडसर वासाचे गवत माजले आहे. ते उपटावे, कापावे, जाळावे की फवारावे? आणि ते परत येऊ नये म्हणून पुढे काय करावे?

आधी थेट उत्तर. जाळू नका, आणि नुसत्या कापणीवर वेळ घालवू नका. देशी झुडपांच्या बुडाशी असलेले गवत हाताने काढा. मोकळ्यावरचे कापा, त्याला नवी फूट येऊ द्या आणि त्या कोवळ्या फुटीवर तणनाशक मारा. मोकळी झालेली जागा त्याच पावसाळ्यात देशी झुडपांनी भरायला लागा. या सगळ्याच्या आधी मात्र जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायची आहे. या गवताकडे तण म्हणून पाहिले की माणूस ते मारण्याच्या मागे लागतो. सरपण म्हणून पाहिले की कामाचा क्रमच बदलतो, कारण फवारून मारलेले मोलॅसिस गवत हिरव्यापेक्षा सहज पेटते आणि ते महिनोन्महिने जागेवरच उभे असते.

ओळख पक्की करा

वर्णनावरून हे मोलॅसिस गवतच वाटते, शास्त्रीय नाव मेलिनिस मिन्युटिफ्लोरा. मूळचे आफ्रिकेतले बहुवर्षायू गवत. गुरांना चारा म्हणून 20व्या शतकाच्या सुरुवातीला ते हवाईत आणले गेले. पानांवर आणि पानाच्या खोडाला वेढणाऱ्या भागावर दाट लव असते आणि त्या लवेतून सुगंधी, तेलकट स्राव येतो. मूठभर पाने चुरगळली की बोटे चिकट होतात. वास काकवीसारखा येतो, काहींना तो जिऱ्यासारखा वाटतो. खोडे आधी जमिनीलगत पसरतात, पेरांना मुळे फुटतात, मग टोके वर वळतात. असे खोडांवर खोडे चढत मीटरभर जाडीचा गालिचा तयार होतो. तुरा कोवळा असताना जांभळट, पिकल्यावर फिकट. दाणा जेमतेम 2 मिलिमीटरचा, त्याला केसासारखे लांब कुसळ.

दोन गवतांशी घोटाळा होतो. नेटल गवत, म्हणजे मेलिनिस रेपेन्स, याच वंशातले आहे. पण त्याचा तुरा मऊ, रेशमी, गुलाबी असतो आणि पाने चिकट नसतात. दुसरे स्किझॅकिरियम. ते ठोंबाठोंबाने वाढते, वाळल्यावर तांबूस होते आणि त्याला वास नसतो. आग लावण्यात दोन्ही कमी नाहीत, पण त्यांचे नियंत्रण वेगळे आहे. ठोंब खणून काढता येतो, गालिचा तसा निघत नाही.

एक गोष्ट कॅलेंडरवर आधी लिहून ठेवा. हे गवत दिवस लहान होऊ लागले की तुऱ्यावर येते. हवाईत तुरे साधारण नोव्हेंबरच्या आसपास दिसतात आणि त्यानंतरच्या महिन्यांत बी गळते. बी इतके हलके, की एका ग्रॅममध्ये हजारो दाणे बसतात. पुढची सगळी आखणी या एका तारखेभोवती फिरते.

आगीचे गणित

हवाईची देशी रोपे आगीबरोबर वाढलेली नाहीत. लाव्हा वाहिला की जळायचे, क्वचित वीज पडायची, एवढेच. शिवाय कोरड्या लाव्ह्यावरच्या रानात झुडपाझुडपांमध्ये उघडा दगड किंवा राख असायची, त्यामुळे लागलेली आग थोड्या अंतरावर आपोआप थांबायची. परदेशी गवतांनी नेमकी हीच मोकळी जागा भरली. झुडूप ते झुडूप सलग सरपण तयार झाले.

हवाई व्होल्केनोज राष्ट्रीय उद्यानातल्या आगीच्या जुन्या नोंदी याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहेत. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून, परदेशी गवते पसरल्यावर, आगींची संख्या तिप्पट किंवा त्याहून अधिक झाली आणि एकेका आगीने जळणारे सरासरी क्षेत्र पन्नासपटीहून जास्त वाढले. संख्येपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. लागलेली आग थांबेनाशी झाली होती.

तेलामुळे हे गवत पेटते असे सर्रास सांगितले जाते. तेलाला यात जरा जास्तच श्रेय मिळते. खरा दोष रचनेचा आहे. या गवताची मेलेली पाने आणि खोडे खाली पडून कुजत नाहीत, हिरव्या पानांच्या आत उभीच राहतात. काडी बारीक, चहूबाजूंनी हवा खेळती. अशी काडी रात्रीच्या दवाने भिजली तरी ऊन पडल्यावर तासा-दोन तासांत सुकते. म्हणून वरून हिरवागार दिसणारा गालिचा आतून पेटायला तयार असतो. हात घालून बघा. वरची हिरवी पात बाजूला केली की खाली करड्या, कोरड्या काड्यांचा थर लागतो. तो थर गुडघ्याएवढा असेल तर हिरवेपणावर विसंबू नका.

जळल्यानंतरचे चक्र आणखी वाईट. पूकिआवेसारखी झुडपे बहुतेक मरतात, ओहिआची बरीच झाडे मरतात, काही बुडातून फुटतात. मोलॅसिस गवताचे जुने ठोंबही पुष्कळ मरतात, पण जमिनीतले बी उगवते आणि राखेवर त्याला स्पर्धा नसते. पुढच्या हंगामात आधीपेक्षा जास्त गवत. झाडे गेल्यामुळे वारा अडत नाही, आणि उघड्या गवतावर वाऱ्याचा वेग रानातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे दुसरी आग पहिलीपेक्षा वेगाने धावते. स्किझॅकिरियम आणि मोलॅसिस मिसळलेल्या जागेत आगीनंतर बाजी बहुधा मोलॅसिस मारते.

आग लागलीच नाही तरी नुकसान थांबत नाही. गालिच्याखाली प्रकाश जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे देशी झुडपांची नवी रोपटी उभी राहत नाहीत. जुनी झुडपे म्हातारी होऊन जातात आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. वरून रान ठीकठाक दिसते आणि फसगत होते ती इथेच.

तुमच्या तुकड्यात कुंपणानंतर गवत वाढले याचे आश्चर्य नाही. या गवताचे वाढते टोक जमिनीपासून वर असते, सततच्या आखूड चराईला ते टिकत नाही. बकऱ्या त्याला दाबून ठेवत होत्या, देशी रोपट्यांनाही खात होत्या. कुंपण घालणे बरोबरच होते. फक्त कुंपण आणि गवताचे काम एकाच वर्षाच्या आराखड्यात असायला हवे. बकऱ्या गेल्या की एक-दोन पावसाळ्यांत गवत डोके वर काढते आणि देशी झुडपे इतकी भराभर वाढत नाहीत.

पहिल्या वर्षी किती जागा घ्यावी

पूर्ण हेक्टरवर एकदम हात घालू नका. दोन-तीन जणांच्या गटाला पहिल्या वर्षी पाव हेक्टर, म्हणजे 2,500 चौरस मीटर, पुरेसे आहे. मारलेल्या गवताच्या जागी पुढच्या दोन वर्षांत परत परत जाता येईल एवढीच जागा उघडायची. जी सांभाळता येणार नाही ती बियांना आंदण दिल्यासारखी होते.

पाव हेक्टर कुठला निवडायचा? जिथे देशी झुडपे सर्वांत दाट आणि गवत सर्वांत विरळ आहे, तिथून सुरुवात. हे मनाला पटत नाही. दाट गवताकडे पाहिले की तिथेच आधी घुसावेसे वाटते. पण दाट गवताच्या मध्यात केलेले काम चारी बाजूंनी येणाऱ्या बियांखाली गाडले जाते. दूर पडलेले सुटे ठिपके, पाच-दहा चौरस मीटरचे, आधी संपवा, तिथून दाट भागाकडे सरका. दाट भागाला सध्या फक्त जाळरेषेने वेगळे करा.

जाळरेषा

रस्ता, पायवाट, वीजवाहिनी, शेजारचे कुरण, म्हणजे जिकडून ठिणगी येऊ शकते ती बाजू आधी. गवताच्या उंचीच्या किमान तिप्पट रुंदीचा पट्टा पूर्ण मोकळा करा, आणि उताराच्या खालच्या बाजूला त्याच्या दुप्पट, कारण आग चढावर धावते. मीटरभर गवताला सपाटीवर 3 मीटर, खालच्या अंगाला 6 मीटर. एवढा पट्टा वाऱ्याच्या दिवशी मोठी आग थोपवेल असे समजू नका. तो आगीचा वेग मोडतो आणि अग्निशमन दलाला उभे राहायला जागा देतो. त्याच्या आत आणखी काही मीटर गवत घोट्याएवढे ठेवता आले तर पट्ट्याचे बळ बरेच वाढते.

कापलेले गवत पट्ट्यावरच सोडू नका, ही चूक फार होते. उभे सरपण आडवे झाले एवढाच फरक पडतो. आतल्या बाजूला ओढा, पण झाडाच्या बुंध्यापासून दोन मीटर दूर.

कापणीची वेळही जपायची. कोरड्या महिन्यांत ब्रश-कटरचे धातूचे पाते लाव्ह्याच्या दगडावर आपटले की ठिणगी उडते, आणि जाळरेषा काढतानाच वणवा लागतो. सकाळी दव असताना काम करा, नायलॉन दोरीचे डोके वापरा, गरम इंजिन गवतावर टेकवू नका, आणि पाण्याने भरलेला पाठपंप हाताशी ठेवा. वारा जोराचा असेल त्या दिवशी यंत्र बाहेरच काढू नका.

ओहिआच्या बुंध्याभोवती यंत्र चालवूच नका. सेरॅटोसिस्टिस वंशाच्या दोन बुरशींमुळे ओहिआची झाडे झपाट्याने मरतात. 2014 मध्ये हा रोग ओळखला गेला, आणि बुरशी सालीवरच्या जखमेतून शिरते. कटरची दोरी सालीला घासली तरी ती जखमच. बुंध्याभोवतीचा मीटरभर भाग हाताने साफ करायचा.

हाताने काढणे

पावसानंतर एक-दोन दिवसांनी, जमीन ओली असताना. मुळे उथळ असतात, त्यामुळे जोर फारसा लागत नाही. खरी अडचण पेरांची. वरून धरून ओढले की खोड पेरात तुटते आणि मुळे फुटलेला तुकडा जमिनीतच राहतो. म्हणून गालिच्याच्या कडेपासून सुरुवात करा. विळ्याने कडेची खोडे कापून मोकळी करा, कड उचला आणि सतरंजी गुंडाळावी तशी उताराच्या दिशेने गुंडाळत न्या. एक माणूस गुंडाळतो, दुसरा मागून खुरप्याने तुटलेली मुळे काढतो. गुंडाळीखाली देशी रोपटे सापडले तर थांबा, गवत कापून बाजूला करा. जोडीने उपटले तर रोपटेही जाते.

काढलेले गवत ओल्या मातीवर टाकले की पेरे पुन्हा रुजतात. उघड्या खडकावर किंवा ताडपत्रीवर, मुळे वर करून, पातळ पसरा. ढीग करायचाच तर कुंपणाबाहेर, झाडांपासून दूर. तुरा आलेला असेल तर आधी तुरे कापून जाड पिशवीत भरा आणि तोंड बांधा, मग बाकीचे गवत हलवा. क्रम उलटा झाला तर प्रत्येक ओढीबरोबर बी सांडते.

या पद्धतीची मर्यादाही ओळखा. तीव्र उतारावर मोठा गालिचा एकदम उचलला तर पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहून जाते. तिथे समपातळीवर मीटर-दीड मीटरच्या आडव्या पट्ट्या काढा, मधल्या पट्ट्या पुढच्या हंगामासाठी ठेवा.

कापणी आणि फवारणी

मोकळ्यावरच्या दाट गालिच्यावर थेट फवारणी केली तर वरची दोन-तीन पाने वाळतात आणि महिन्याभरात खालून नवी फूट येते. कारणे दोन. औषध खालच्या थरापर्यंत पोचत नाही, कारण वरची लव आणि मधला मेलेला थर ते अडवतो. आणि लवेवर थेंब टेकतो पण पानाच्या पृष्ठभागाला लागत नाही, लटकून सुकतो.

म्हणून आधी कापा. चाऱ्यासाठी हे गवत पिकवणारे बुडखा 15 ते 20 सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे फूट चांगली येते. आपल्याला उलटे हवे. 10 सेंटिमीटरपर्यंत खाली कापा, कापलेले ओढून काढा. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये कापले तर तुरा येणारी खोडेच जातात. पहिल्या पावसाने नवी फूट येते. ती 15 ते 20 सेंटिमीटर झाली की, सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत, फवारणी करा. या आखणीत आणखी एक फायदा आहे. नोव्हेंबरमध्ये मारलेले गवत पुढचे ओले महिने कुजत राहते. एप्रिलमध्ये मारलेले कोरड्या उन्हाळ्यात उभे सरपण बनून राहते.

ग्लायफोसेट हे तणनाशक 41 टक्क्यांचे असेल तर 1.5 ते 2 टक्के द्रावण, म्हणजे लिटरला 15 ते 20 मिली. 15 लिटरच्या पंपाला 225 ते 300 मिली. औषधात स्टिकर आधीच नसेल आणि लेबल परवानगी देत असेल तर लिटरला 2.5 ते 5 मिली स्टिकर घाला. लवेच्या गवताला तो लागतोच. पाने ओली व्हावीत, थेंब गळू नयेत. या मापाने एका लिटरमध्ये साधारण 20 चौरस मीटर होते, म्हणजे पाव हेक्टर सलग गवताला सुमारे 125 लिटर मिश्रण, आठ-नऊ पंप, आणि 2 टक्क्यांनी अडीच लिटर औषध. कामाआधी नुसते पाणी भरून 20 चौरस मीटर मोजून फवारा. दीड लिटर लागले तर तुमचा हात जड आहे किंवा नोझल झिजले आहे. हवाई अमेरिकेत आहे आणि तिथे लेबलावर लिहिलेल्याविरुद्ध वापर हा कायदेभंग आहे. प्रति एकर वर्षाची कमाल मात्रा आणि नैसर्गिक क्षेत्रातला वापर या दोन ओळी लेबलावर आधी शोधा.

पाणी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला बांधून टाकते आणि औषध निकामी होते. फवारणीनंतर चार ते सहा तास पाऊस नको. पाने धुळीने माखलेली असतील किंवा उन्हाने मिटलेली असतील तर थांबा. ताणात असलेले गवत औषध मुळांपर्यंत नेत नाही, आणि वरून करपलेले पाहून काम झाले असे वाटते. निळा रंग मिसळा, म्हणजे राहिलेली जागा दिसते आणि एकाच ठिकाणी दोनदा मारले जात नाही.

देशी झुडपांच्या मधोमध असलेल्या गवतासाठी फ्लुअझिफॉप-पी-ब्युटाइल हे फक्त गवतांवर चालणारे औषध आहे. 24.5 टक्क्यांच्या औषधाची ठिपक्या-ठिपक्याने मारायची मात्रा लिटरला सुमारे 6 मिली, सोबत लेबलवर सांगितलेला स्टिकर किंवा तेल. परिणाम हळू दिसतो, दोन ते चार आठवडे लागतात. मधली कोवळी पात ओढली की बुडाशी तपकिरी होऊन निसटते, ही खूण बघा. जुन्या गालिच्यावर एकदा मारून भागत नाही. कोवळ्या फुटीवर आणि रोपट्यांवर ते उत्तम. दोन सावधगिऱ्या: पिलीसारखी देशी गवतेही याने मरतात, आणि देशी झुडपांवर सर्रास मारण्याआधी प्रत्येक जातीच्या दोन-तीन रोपांवर मारून महिनाभर पाहा.

इमॅझॅपिर हे तणनाशक वापरू नका. गवत मरते, पण ते जमिनीत टिकते आणि ओहिआच्या मुळांतून वर चढते.

पहिल्या फवारणीनंतरच खरे काम

प्रकाश जमिनीवर पडला की बियांची झुंबड उगवते. सहा ते आठ आठवड्यांनी पहिली फेरी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुसरी, मग पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी. रोपटी बोटभर असताना उपटली तर एक माणूस दिवसात बरीच जागा करतो. तीच रोपटी आडवी पसरून पेरांना मुळे धरू लागली की वेळ कित्येक पट जातो. सगळ्या फेऱ्यांत एक चुकवता येत नाही: ऑक्टोबरअखेरची, तुरा येण्याआधीची. वर्षभर नीट सांभाळून ही एक फेरी हुकली तर जमिनीतला बियांचा साठा पुन्हा भरतो. कापलेल्या गवताला कधीकधी घोट्याएवढ्या उंचीवरच तुरा येतो, म्हणून लांबून पाहून समाधान मानू नका.

मोकळी जागा रिकामी ठेवली तर तिथे मोलॅसिसच येते, किंवा दुसरे एखादे परदेशी गवत येते. सावली हाच टिकाऊ उपाय, आणि लावायची झाडे आग लागली तरी परत उभी राहणारी हवीत. आआलीई म्हणजे डोडोनिया विस्कोसा, मामाने आणि ऊलेइ ही तीन त्यासाठी चांगली. मामाने बुडातून फुटते. आआलीईचे बी उष्णतेने उगवायला प्रवृत्त होते आणि आगीनंतर ते मोठ्या संख्येने येते. पेरणीआधी आआलीईचे बी उकळून उतरवलेल्या पाण्यात टाका आणि ते पाणी थंड होऊन रात्रभर भिजू द्या. मामानेच्या बियांचे टरफल कठीण असते. नखकटरने डोळ्याच्या उलट बाजूला बारीक खाच द्या, मग एक दिवस भिजवा. फुगले नाही ते बी पुन्हा खाचा.

रोपे दीड मीटरवर लावली तर पाव हेक्टरला सुमारे 1,100 लागतात. याच आकड्यामुळे पहिल्या वर्षी पाव हेक्टरच घ्या असे वर म्हटले. लावणी जानेवारीच्या आसपास, जमीन ओली असताना आणि बियांची पहिली झुंबड काढून झाल्यावर. रोपाभोवती अर्धा मीटर त्रिज्येत गवताचे एकही पान राहू देऊ नका. पहिल्या वर्षी रोपे मरतात ती बहुतेक गवताने ओल पळवल्यामुळे, पाणी न दिल्यामुळे त्याहून कमी. लाकडाचा चुरा आच्छादन म्हणून घालायचा असेल तर तो ओहिआचा नसावा आणि दुसऱ्या बेटावरून आणलेला तर मुळीच नसावा.

लोक विचारतात ते बाकीचे

चराई: गुरे दाबून चारली की हे गवत हटते हे खरे. कुंपणाबाहेरच्या जाळरेषेवर चराईचा उपयोग करून घ्या. आत जनावरे सोडली तर जी झुडपे वाचवायची तीच जातात.

जैविक नियंत्रण: कोणी कीटक सोडेल म्हणून थांबू नका. गवतावरचा कीटक इतर गवते, चारा आणि ऊस यांच्याकडे वळणार नाही याची खात्री करणे अवघड असते. गंमत म्हणजे केनियात हेच गवत मक्यात मुद्दाम लावतात. त्याच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर राहतात आणि त्या किडीवर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी जवळ येते. बेटावर त्या वासाचा कोणाला उपयोग नाही.

लहायना: 8 ऑगस्ट 2023 रोजी माउई बेटावरचे हे शहर वणव्यात जळले, त्याचे खापर मोलॅसिसवर फोडू नका. तिथल्या पडीक उसाच्या जमिनींवर मुख्यतः गिनी गवत आणि बफेल गवत होते. सखल, कोरड्या भागात या दोघांचे राज्य, मोलॅसिस त्यांच्यापेक्षा वर, थोड्या ओलसर पट्ट्यात. तुमच्या खालच्या कुंपणालगत गिनी गवत असेल तर त्या बाजूची जाळरेषा त्याच्या उंचीने मोजा, ते माणसापेक्षा उंच होते.

इतर बेटे: अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर, ग्रीन माउंटनच्या उतारांवर, हेच गवत आहे. तिथे आगीपेक्षा गुदमरण्याचा प्रश्न मोठा. त्या डोंगरावरची जगात इतरत्र नसलेली नेची उघड्या, ओलसर कपारींत वाढतात आणि गालिचा कपारीवर चढला की त्यांना जागा उरत नाही. तिथे फवारणी चालत नाही, चिमट्याने काढल्यासारखे हाताने काढावे लागते.

वाळा आणि गवती चहा: सुगंधी गवत म्हणजे धोका, असे समीकरण नाही. उतारावर माती धरायला वापरतात तो वाळ्याचा सनशाइन वाण व्यवहारात वांझ आहे, त्याला रुजणारे बी धरत नाही आणि तो आडवा पसरत नाही. गवत काढल्यावर रस्त्याकडेचा उघडा बांध धरायला तो चालेल, देशी रानात मात्र नको. गवती चह्याच्याच वंशातले ऑस्ट्रेलियातले सिंबोपोगॉन रिफ्रॅक्टस हवाईत रानटी झाले आहे. बी धरते का, पेरांना मुळे फुटतात का, वाळलेली काडी उभी राहते का, हे तीन प्रश्न वासापेक्षा जास्त सांगतात.

शेवटी बाहेर पडतानाची शिस्त. कुसळे मोज्यांत आणि बुटाच्या लेसमध्ये अडकतात, लवेचा चिकटपणा त्यांना धरून ठेवतो. लोकरी मोजे घालू नका, गुळगुळीत कापडाचे पायघोळ वापरा. तुकड्यातून निघताना कुंपणाच्या आतच कपडे झाडा, बूट ब्रशने घासा. विळे, खुरपी आणि बुटांचे तळ आधी मातीमुक्त करा, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. माती राहिली तर अल्कोहोल ओहिआ मारणाऱ्या बुरशीपर्यंत पोचत नाही. यंत्राचे डोके आणि गाडीच्या चाकांच्या कमानी रोज तपासा, कारण गवताच्या चिंध्या सर्वांत जास्त तिथेच गुंतून राहतात.